‘काऊ’ या इंग्रजी क्रियापदात गाय आहे का?

पारोळ्याहून एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. सराव प्रश्नपत्रिकेत वाक्य आलं होतं: ‘द व्हिलेजर्स वेअर नॉट काउड डाऊन बाय द थ्रेट्स.’ त्यातल्या ‘काउड’चा अर्थ द्यायचा होता. क्लासमध्ये सांगितलं गेलं की काऊ म्हणजे गाय, तेव्हा एखाद्याला ‘काऊ’ करणं म्हणजे घाबरवून त्याची गरीब गाय करून टाकणं. असं पाठ करा, विसरणार नाही. उत्तर बरोबर आलं, गुणही मिळाला, पण भाऊंना ते पटलं नाही. घरी दोन गायी आहेत आणि दोन्हींपैकी एकही गरीब नाही, असं ते लिहितात. तर हे क्रियापद खरंच गायीवरून आलं का, त्याचा नेमका अर्थ काय, आणि ‘काउड डाऊन’मधलं ‘डाऊन’ कशासाठी, असे तीन प्रश्न आहेत.

मी जळगावात कोर्टाच्या आणि सरकारी कागदांचं मराठी-इंग्रजी भाषांतर करतो आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. धमकावणं, दबाव आणणं, दहशत घालणं ही मंडळी दोन्हीकडे रोजच भेटतात. म्हणून उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: गायीचा काही संबंध नाही. इंग्रजीत ‘काऊ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, घराणी दोन.

गाय या अर्थाचा काऊ तर आपल्याच नात्यातला. संस्कृत ‘गो’ आणि इंग्रजी ‘काऊ’ एकाच मूळ शब्दाची लेकरं. संस्कृतात जिथे ग किंवा ज असतो तिथे इंग्रजीत बऱ्याचदा क सापडतो, आणि हे योगायोगाने होत नाही, नियमाने होतं. गो आणि काऊ, जानु आणि नी म्हणजे गुडघा, ज्ञा आणि नो म्हणजे जाणणं. शेवटच्या दोन इंग्रजी शब्दांतला के आज कोणी उच्चारत नाही, पण स्पेलिंगमध्ये तो अजून ठाण मांडून आहे. पूर्वी तो उच्चारलाही जायचा. म्हणजे गोठ्यातली काऊ ही आपली हजारो वर्षांची सोयरीक.

घाबरवणारा काऊ उत्तरेकडून आला. नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड या भागांची जुनी भाषा, जिला जुनी नॉर्स म्हणतात, तिच्यात ‘कूगा’ असं क्रियापद होतं. अर्थ: जुलूम करणं, बळाने दाबून ठेवणं. इंग्रजीतलं क्रियापद कोशकार त्याच्याशी जोडतात. त्याची भावंडं आजही जिवंत आहेत. डॅनिशमध्ये ‘कुए’, स्वीडिशमध्ये ‘कुवा’, दोन्हींचा अर्थ दडपणं, नमवणं. आइसलंडच्या भाषेत तर कूगा जवळपास जसाच्या तसा टिकला आहे, आणि त्याच्यापुढे पैशासाठीचा शब्द लावून जो सामासिक शब्द होतो, त्याचा अर्थ होतो खंडणी उकळणं. मला हा शब्द फार आवडतो. पैशासाठी दाबणं. आपल्याकडे ज्याला हप्तावसुली म्हणतात त्याचं इतकं नेटकं नाव क्वचितच कुठे असेल.

इंग्रजी लिखाणात हे क्रियापद सतराव्या शतकाच्या तोंडाशी दिसायला लागतं. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये ते एका फार मोक्याच्या जागी आलं आहे. मॅकबेथला भविष्य सांगितलेलं असतं की आईच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही. शेवटच्या लढाईत मॅकडफ समोर येतो आणि सांगतो की मी जन्मलोच नाही, मला पोट फाडून बाहेर काढलं. ते ऐकून मॅकबेथ म्हणतो, हे सांगणारी जीभ जळो, माझ्यातलं पौरुषच तिने ‘काऊ’ केलं. यात एक गोष्ट बघा. मॅकबेथ भित्रा नाही, तो कसलेला योद्धा आहे. त्याच्यावर त्या क्षणी तलवारही पडलेली नाही. एक वाक्य कानावर पडलं आणि हातातलं बळ गेलं, मी तुझ्याशी लढत नाही असं तो म्हणाला. या क्रियापदाचा सगळा अर्थ त्या प्रसंगात आहे.

म्हणूनच ‘गरीब गाय’ हा पाठांतराचा उपाय मला नुसता चुकीचा नाही, थोडा घातकही वाटतो. मराठीत आपण कुणाला गरीब गाय म्हणतो तेव्हा त्याचा स्वभाव सांगत असतो. ती बाई कोणाच्या अध्यात ना मध्यात, बिचारी गरीब गाय. तिला तसं कोणी केलेलं नसतं, ती तशीच असते. इंग्रजीत एखादा माणूस ‘काउड’ आहे असं म्हटलं की ओघानेच प्रश्न येतो, कोणी केलं? या शब्दामागे कोणीतरी उभा असतो. माणूस आधी ताठ होता, बोलत होता, विरोध करत होता; मग त्याच्यावर दाब आला, भीती बसली आणि तो गप्प झाला. तिन्ही गोष्टी लागतात: दाब, भीती, आणि त्या भीतीपोटी मागे घेतलेलं पाऊल. तिसरी झाली नाही तर ‘काऊ’ हे क्रियापद वापरता येत नाही. नुसतं धमकावलं आणि समोरचा हसून निघून गेला, तर त्याला थ्रेटन केलं असं म्हणता येईल, काऊ केलं असं म्हणता येणार नाही.

तुमच्या गायींबद्दल तुम्ही लिहिलंय ते तर लाखमोलाचं. नुकती व्यालेली गाय वासराच्या जवळपास कुत्रंसुद्धा फिरकू देत नाही, आणि मारकी गाय असेल तर दूध काढणाऱ्याचं काय होतं ते शहरातल्या लोकांना सांगून पटायचं नाही. गाय गरीब असते ही कल्पना गोठ्यापासून चार हात लांब राहणाऱ्यांचीच असावी.

कोर्टाच्या कामात हा फरक किती लागतो त्याचं एक उदाहरण देतो. आपल्याकडच्या फिर्यादीत एक वाक्य हमखास असतं: ‘शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली व जीवे ठार मारण्याची धमकी दिली.’ धुळे असो, चोपडा असो की नवापूर, पोलीस ठाण्यात वाक्य हेच. भारतीय दंड विधान १८६० चं. त्यातल्या कलम ५०३ मध्ये या गुन्ह्याची व्याख्या होती, ५०६ मध्ये शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा सगळा मजकूर तिच्या कलम ३५१ मध्ये गेला. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, जीव घेण्याच्या किंवा जबर दुखापतीच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद. इंग्रजीत गुन्ह्याचं नाव ‘क्रिमिनल इंटिमिडेशन’. मराठी कायद्यात त्याला ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’ असा भारदस्त शब्द आहे, जो पहिल्यांदा वाचताना मुलं हमखास अडखळतात.

आता गंमत अशी की त्या व्याख्येत समोरचा घाबरलाच पाहिजे असं लिहिलेलं नाही. शरीराला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करण्याची धमकी आणि तीही समोरच्याला घाबरवण्याच्या हेतूने, किंवा त्याच्यावर कायद्याने बंधन नाही असं काही त्याच्याकडून करवून घेण्याच्या हेतूने, किंवा हक्काचं काही करण्यापासून त्याला रोखण्याच्या हेतूने दिलेली. मोजला जातो तो धमकी देणाऱ्याचा हेतू. ‘काऊ’मध्ये नेमकं उलट: तिथे मोजला जातो तो परिणाम. म्हणून एखाद्या अर्जात ‘आरोपीने साक्षीदारांना धमकावले’ एवढंच असेल आणि भाषांतरकाराने मोठ्या हौसेने ‘काउड द विटनेसेस’ असं लिहिलं, तर त्याने मूळ कागदात नसलेली गोष्ट घुसवली. साक्षीदार दबले, असं त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. समोरचा वकील हुशार असेल तर तो एवढ्यावरच उलटतपासणीत धरेल. उलट दिशेनेही तेच. इंग्रजी बातमीत ‘विटनेसेस वेअर काउड इन्टू सायलेन्स’ असेल आणि मराठीत ‘साक्षीदार घाबरले’ एवढंच आलं, तर धमकावणारा गायब होतो, आणि ते गप्प बसले हेही गायब. ‘धाक दाखवून साक्षीदारांना गप्प बसवलं’ असं म्हटलं की तिन्ही गोष्टी येतात. ‘गप्प बसवणं’, ‘दाबून ठेवणं’, ‘चूप करणं’ अशी जोडक्रियापदं आपल्याकडे आहेत, ती इंग्रजीतल्या त्या ‘इन्टू’चं काम चोख करतात.

एक सावधगिरी. मराठीतल्या ‘वचक’ आणि ‘धाक’ यांना इंग्रजीत नेताना ‘काऊ’ कधीही वापरू नका. ‘सरांचा वर्गावर वचक आहे’ ही मराठीत तारीफ असते. ‘पोलिसांचा वचक राहिला नाही’ ही तक्रार असते, म्हणजे वचक असायला हवा होता असं आपल्याला वाटतं. इंग्रजीत ‘द टीचर काउड द क्लास’ म्हणाल तर मुख्याध्यापकांकडे पालकांची गर्दी होईल. दरारा, जरब, वचक या शब्दांत भीतीबरोबर मान मिसळलेला असतो, दहशतीत तो नसतो. ‘काऊ’चा परिणाम दहशतीच्या बाजूचा. बाकी जरब हा शब्द मुळात अरबी, अर्थ तडाखा किंवा घाव. दहशतही अरबीतून फारसीमार्गे आलेली. ‘भ्याव’ मात्र आपलं घरचं. अहिराणी बोलणाऱ्या घरात मूल अंधारात जायला नाही म्हणालं की हाच शब्द ऐकू येतो, आणि तो थेट संस्कृत ‘भय’चा वंशज आहे.

‘काऊ’च्या आसपास इंग्रजीत आणखी दोन शब्द घुटमळतात आणि परीक्षेत तेच पर्याय म्हणून देतात: ‘कावर्ड’ आणि ‘काऊअर’. स्पेलिंग बघून वाटतं हे तिघे सख्खे भाऊ. एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

‘काऊअर’ म्हणजे भीतीने अंग चोरून बसणं, दबकणं. स्वीडिशमध्ये उकिडवं बसण्यासाठी त्याच्यासारखाच शब्द आहे, जर्मनमध्येही आहे. हे अकर्मक आहे: माणूस स्वतः दबकतो. ‘काऊ’ सकर्मक: दुसरा कोणी त्याला दबकायला लावतो. परीक्षेसाठी एवढा भेद पुरे.

‘कावर्ड’ची कथा जास्त रंजक आहे. लॅटिनमध्ये शेपटीला ‘काउदा’ म्हणायचे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये शेपटीसाठी ‘को’ आणि पुढे ‘कोआर’ म्हणजे शेपटीवाला. भित्र्याला शेपटीवाला का म्हणावं हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. शेपूट घालणं हा वाक्प्रचार आपण पाळण्यापासून ऐकतो. भांडणात हरलेलं कुत्रं शेपूट पायात घालतं, किंवा पळताना आपल्याला फक्त त्याचं शेपूटच दिसतं. मध्ययुगातल्या फ्रेंच कोल्ह्याच्या गोष्टींमध्ये सशाचं नावच कोआर आहे. तिकडेही भित्रा प्राणी म्हटला की ससाच. आमच्या आजीच्या गोष्टीतला, पाठीवर पान पडलं म्हणून आभाळ कोसळलं समजून पळत सुटलेला ससा त्याला ओळखला असता.

आता मूळ विचाराकडे येतो. क्लासमधल्या युक्तीमागे एक सुप्त कल्पना होती: घाबरवण्याच्या शब्दात गुरंढोरं असावीत. ती कल्पना अगदी वेडी नाही. फक्त गोठा चुकला. गुरं ज्या शब्दात खरोखर आहेत तो शब्द आहे डॉन्ट. स्पेलिंग डी-ए-यू-एन-टी, ‘करू नको’ या अर्थाचा डोन्ट हा नव्हे. मराठी वर्तमानपत्रं दोन्ही एकसारखे छापतात म्हणून हे सांगावं लागतं. एकटा डॉन्ट फारसा भेटत नाही, पण ‘डॉन्टिंग टास्क’ भेटतं, ‘अनडॉन्टेड’ भेटतं.

हा शब्द इंग्रजीत साधारण १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून आला. इंग्लंडवर नॉर्मन सत्ता १०६६ मध्ये आली, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबाराची भाषा फ्रेंच राहिली, तेव्हा आलेल्या शब्दांतला हा एक. फ्रेंचचा शब्द लॅटिन ‘दोमितारे’वरून, आणि दोमितारे हे ‘दोमारे’चं पुन्हा पुन्हा करणं दाखवणारं रूप. दोमारे म्हणजे माणसाळवणं, जनावराला वळण लावणं. इंग्रजीत आला तेव्हाही डॉन्टचा पहिला अर्थ वश करणं, काबूत आणणं हाच होता. हिंमत खचवणं हा अर्थ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. सर्कशीत सिंहाला नाचवणाऱ्याला फ्रेंचमध्ये आजही याच घराण्यातला शब्द आहे. आणि ‘इनडॉमिटेबल’, भाषणांत ज्याच्या पुढे ‘स्पिरिट’ लावतात तो, तोही हाच: ज्याला माणसाळवता येत नाही असा.

व्हर्जिल हा रोमन कवी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्याने शेतीवर मोठं काव्य लिहिलं आहे. त्यात कोणत्या दिवशी काय करावं याचा भाग येतो, अगदी आपल्या पंचांगासारखा. महिन्याचा सतरावा दिवस कशाला चांगला? द्राक्षवेल लावायला, मागावर ताणा चढवायला, आणि बैल धरून त्यांना ‘दोमितारे’ करायला. हेच क्रियापद. म्हणजे डॉन्टच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचा नांगराला न लागलेला बैल उभा आहे.

याच्याही पलीकडे गेलं तर आपण पुन्हा घरी येतो. दोमारेचा संस्कृत भाऊ म्हणजे दम् हा धातू. दमन, दांत म्हणजे संयमी, दुर्दम्य हे सगळे त्यातले. संस्कृतात ‘दम्य’ या नामाचा एक अर्थ आहे गोऱ्हा: अजून जुवाला न लावलेला, माणसाळवायचा राहिलेला तरुण बैल. अमरकोशात ‘दम्य’ आणि ‘वत्सतर’ हे समानार्थी म्हणून जोडीने दिले आहेत. इंग्रजीचा स्वतःचा ‘टेम’ हाही याच मुळाचा. संस्कृत-लॅटिनचा द तिथे ट होतो. द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ, तसे दम् आणि टेम. म्हणजे एकच शब्द इंग्रजीत दोन वाटांनी आला, एकदा वडिलार्जित टेम म्हणून आणि एकदा फ्रेंच बाजारातून डॉन्ट म्हणून. मात्र इथे कोणी लगेच ‘दम लागणे’ जोडायला जाऊ नका. तो दम फारसीतला, अर्थ श्वास.

गोऱ्हा माणसाळवताना ज्याने बघितलं आहे त्याला डॉन्टचा अर्थ सांगावा लागत नाही. तापीकाठच्या गावांत ट्रॅक्टर आले तरी हे काम अजून पाहायला मिळतं. गोऱ्ह्याच्या नाकात वेसण घातलेली असते. त्याला एकट्याला जुपत नाहीत, शेजारी जुना, जाणता बैल देतात. आधी वखर नाही की गाडी नाही, मागे नुसता लाकडाचा ओंडका बांधतात आणि मऊ रानात फिरवतात. मानेवर जू पडलं की गोऱ्हा बुजतो, अंग आकसतो, बाजूला ओढतो, आणि काही तर सरळ फतकल मारून खाली बसतात. मागच्या माणसाच्या हातात पराणी असते, पण जाणता माणूस ती कमीच वापरतो. जास्त मारलेला गोऱ्हा पुढे आयुष्यभर बुजरा राहतो, हे त्याला ठाऊक असतं. जुना बैल आपल्या चालीने चालत राहतो. काही दिवसांनी ओढाताण थांबते, आणि मग म्हणतात, औताला लागला.

डॉन्टमध्ये ही ‘समोर केवढं मोठं काम आहे’ असं वाटून आत पाय न उचलण्याची छटा अजून आहे. म्हणून इंग्रजीत डॉन्टचा कर्ता बहुधा एखादं काम, आकार, अंतर, अडचण असते. राज्यसेवेचा अभ्यासक्रम तुम्हाला डॉन्ट करू शकतो. बसस्टँडवरचा गुंड दुकानदाराला डॉन्ट करत नाही. तो त्याला इंटिमिडेट करतो, आणि दुकानदाराने मुकाट्याने पैसे दिले तर त्याला काऊ केलं असंही म्हणता येईल. पर्यायांत हे दोन्ही शब्द आले आणि कर्त्याच्या जागी ‘द साइझ ऑफ द प्रोजेक्ट’ असेल तर डोळे झाकून डॉन्ट निवडा.

गुरांचा विषय निघालाच आहे तर दोन-तीन ओळींत बाकीचा गोठाही आवरतो. ‘बुली’मध्ये बैल नाही. सोळाव्या शतकात बुली हा लाडाचा शब्द होता, प्रियकर, जिवलग, डच भाषेतून आलेला. तिथून ‘गडी माणूस’, मग ‘बढाईखोर’, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दुबळ्यांना छळणारा, असा त्याचा अधःपात झाला. ‘बुलडोझ’मध्ये मात्र बैल आहे. १८७६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या धुमाकुळात दक्षिणेकडे काळ्या मतदारांना मारझोड करून धमकावलं जात होतं. त्या माराला ‘बुलडोस’ म्हणत, बैलाला पुरेल एवढा डोस, असं तेव्हाची मंडळी त्याचं स्पष्टीकरण देत. तिथून क्रियापद झालं, माती लोटणारं यंत्र कितीतरी नंतरचं. म्हणजे आज ‘बुलडोझर’ शब्दाने लोकांना धडकी भरते ती नवीन गोष्ट नाही. शब्दाची सुरुवातच तिथून आहे. आणि अमेरिकी बोलीत ‘बफेलो’ हेही क्रियापद आहे, अर्थ दबवणं, गोंधळवून टाकणं. ते खऱ्या जनावरावरून आलं आहे, पण परीक्षेत येणार नाही.

नॉर्स मुळाकडे परत एकदा वळतो, कारण विद्यार्थी इथे एक सुंदर पण खोटी गोष्ट रचतात. काऊ नॉर्स. ‘स्केअर’ नॉर्स. ‘ऑ’, म्हणजे आदरयुक्त भय, हाही नॉर्स. व्हायकिंगांनी ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला केला, पुढे इंग्लंडच्या मोठ्या भागावर राज्य केलं, तेव्हा घाबरवण्याचे शब्द त्यांनीच दिले, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच नॉर्सने इंग्रजीला एग, विंडो, स्काय आणि हजबंड हेही दिले. अंडी आणि खिडक्या देणाऱ्या लोकांना नुसतं दहशतीचं खातं कसं द्यायचं? शेजारपाजार होता, लग्नं झाली, शब्द मिसळले.

‘ऑ’वरून झालेलं ‘ओव्हरऑ’ मात्र लक्षात ठेवा, कायद्यात ते आहे. जुन्या कलम १४१ मध्ये आणि आता न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये बेकायदेशीर जमावाची व्याख्या आहे: पाच किंवा अधिक माणसं, आणि त्यांचे ठरावीक समान उद्देश. त्यातला पहिलाच उद्देश म्हणजे बळ वापरून किंवा नुसतं बळाचं प्रदर्शन करून सरकारला किंवा कर्तव्यावरच्या लोकसेवकाला ‘ओव्हरऑ’ करणं. मोर्चा तहसील कचेरीत घुसला की हे कलम पुढे येतं. इथे ‘काऊ’ चाललं नसतं, कारण तहसीलदार दबले की नाही याची कायदा वाट पाहत नाही.

‘इंटिमिडेट’ सोपा आहे, लॅटिन ‘तिमिदुस’ म्हणजे भित्रा, त्यावरून. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या मध्यापासून. ‘इंटिमेट’शी त्याचं नातं नाही, तरी दरवर्षी कोणीतरी अर्जात ‘आय वॉज इंटिमेटेड बाय द ॲक्यूज्ड’ असं लिहितंच. हसू नका, त्याचा अर्थ ‘आरोपीने मला कळवलं’ असा होतो आणि एवढ्यावरून तक्रारीची धारच जाते.

शेवटचा प्रश्न ‘डाऊन’चा. आपल्या भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांची ही आवड आहे: नेते कधी नुसते ‘काउड’ होत नाहीत, ते ‘विल नॉट बी काउड डाऊन’. जुन्या इंग्रजीतही ही जोडी सापडते, त्यामुळे तिला चूक म्हणता येणार नाही. आजच्या ब्रिटिश आणि अमेरिकी लिखाणात मात्र बहुतेक वेळा ‘डाऊन’ गळालेलं असतं, आणि त्याच्या जागी हवं असेल तर ‘इन्टू सायलेन्स’ किंवा ‘इन्टू सबमिशन’ येतं. दुसरं म्हणजे हे क्रियापद बहुतेकदा कर्मणी प्रयोगात आणि नकारात भेटतं, तुमच्या वाक्यातही तसंच आहे. म्हणून ते मराठीत आणताना ‘धमक्यांना गावकरी घाबरले नाहीत’ यापेक्षा ‘धमक्या देऊनही गावकरी दबले नाहीत’ असं करा. प्रश्नपत्रिकेत ‘काउड डाऊन’ आलं तर त्याला चूक शोधण्याच्या प्रश्नात पकडू नका, आणि स्वतः निबंधात लिहाल तेव्हा ‘डाऊन’ खुशाल वगळा.